गृहीतक खरं असावं लागत नाही : डिचोलीतल्या एका उमेदवाराचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ही उमेदवार डिचोली तालुक्यातली. वय सव्वीसच्या आसपास, विज्ञान शाखेची पदवी, औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत पाळीची नोकरी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तर्काचा भाग मात्र घडला तसाच ठेवला आहे.) प्राथमिक शाळा मराठीतून आणि पाचवीपासून पुढे सगळं इंग्रजीतून, हा गोव्यातल्या गावागावांतल्या मुलांचा ठरलेला प्रवास तिचाही झाला. घरी खनिज वाहतुकीचा ट्रक होता. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मधे काही काळ सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केल्यावर वडिलांनी ट्रक विकून टाकला. ट्रकची गोष्ट मुद्दाम नोंदवून ठेवतेय, पुढे तिचा संबंध येतो.

तयारी दोन परीक्षांची एकदमच चालली होती : यूपीएससीची पूर्व परीक्षा आणि बँकेतल्या अधिकारी पदाची परीक्षा. आमचा लहानसा अभ्यासगट फोंड्यात रविवारी बसतो. तिथे ती चवथ (गणेशचतुर्थी) आटोपल्यावर यायला लागली. गटात शिकवणारे आम्ही दोघं. एक निवृत्त गणित शिक्षक, ज्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात, आणि दुसरी मी, जी सगळ्यांची ‘ताई’.

ज्यांना या परीक्षांची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यूपीएससी पूर्व परीक्षेचा दुसरा पेपर, म्हणजे सीसॅट, ८० प्रश्नांचा, २०० गुणांचा आणि दोन तासांचा असतो. २०१५ पासून तो फक्त पात्रतेपुरता आहे. ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण मिळाले की झालं. बरोबर उत्तराला अडीच गुण, आणि चुकलं तर त्याचा एक तृतीयांश वजा. गृहीतकांचे प्रश्न (म्हणजे बोलणाऱ्याने न बोलता काय धरलंय ते ओळखायचे) यात बहुतेक उताऱ्याखाली येतात. बँकांच्या परीक्षेत तेच प्रश्न ‘विधान आणि गृहीतके’, ‘विधान आणि युक्तिवाद’ अशा सुट्या स्वरूपात येतात, आणि चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश गुण कापले जातात.

अडचण

बैठक व्यवस्था, नातेसंबंध, दिशा, कोडी यांत ती आमच्या गटात सगळ्यांत वेगवान होती. गृहीतके आणि युक्तिवाद आले की साधारण निम्मी उत्तरं चुकायची. नुसता गुणांचा आकडा पाहिला असता तर ‘सराव कमी पडतोय’ म्हणून आम्ही विषय सोडून दिला असता. पण एका गोष्टीने लक्ष वेधलं : चुकलेल्या उत्तराबद्दल विचारलं की ती अडखळत नसे. पाच मिनिटं सलग, मुद्देसूद बोलायची. चुकीच्या उत्तराचं इतकं नेटकं समर्थन मी क्वचितच ऐकलं असेल. हा अंदाजपंचे टिकमार्क करणाऱ्याचा प्रकार नव्हता.

पहिल्या काही आठवड्यांतला एक प्रश्न नमुना म्हणून घेऊ.

विधान : पणजीतली वाहतूक कोंडी कमी करण्यासाठी शहरात येणाऱ्या खासगी गाड्यांवर प्रवेश शुल्क लावावं.
गृहीतक १ : शुल्क लावल्यास काही लोक तरी गाडी शहरात आणणं टाळतील.
गृहीतक २ : पणजीत सार्वजनिक वाहतूक पुरेशी आहे.

तिचं उत्तर होतं, दोन्ही गृहीत नाहीत. कारण? “ताई, गोंयकार गाडी सोडून बसने जातो का कधी? वीस रुपये द्यील आणि गाडी आणील. आणि संध्याकाळी सातनंतर साखळी गावाला जायला बस मिळवून दाखवा.”

दोन्ही मुद्दे व्यवहारात पटण्यासारखे आहेत. पण प्रश्नात तिला पणजीच्या वाहतुकीबद्दल मत विचारलंच नव्हतं. विधान करणाऱ्या माणसाने न बोलता काय धरून चाललंय, एवढंच विचारलं होतं. तो माणूस साफ चुकीचा असू शकतो. त्याचं गृहीतक खोटं असू शकतं. तरी ते त्याचं गृहीतक आहेच. शुल्काने एकही गाडी कमी होणार नसेल तर कोंडी कमी करायला शुल्क लावा हे म्हणण्यात अर्थ उरत नाही. म्हणून पहिलं गृहीत आहे. दुसऱ्याशिवाय मात्र विधान तग धरतं : बस नसली तरी लोक चौघांत एक गाडी आणतील, फेऱ्या कमी करतील, काम पुढे ढकलतील. उत्तर ‘फक्त पहिलं’.

समोर असलेल्या वाटा

तिच्या मनात दोन वाटा होत्या आणि आमच्या मनात आणखी दोन.

पहिली, हे प्रश्न सरळ सोडून द्यायचे. सीसॅट पात्रतेपुरतंच असेल तर गणित आणि कोड्यांवर ६६ गुण गाठता येतील, हा तिचा हिशेब. तो अगदीच चुकीचा नव्हता, पण त्यात धोका होता. गेल्या काही वर्षांत सीसॅटमधलं गणित अवघड होत गेलंय, आणि उताऱ्यांचा वाटा मोठा असतो. बँकेच्या परीक्षेत तर तो तोटा सरळ गुणवत्ता यादीत दिसणार.

दुसरी, इंग्रजी सुधारायचं. तिची पक्की समजूत होती की गडबड भाषेची आहे. यूपीएससीचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो. मराठी किंवा कोकणी नाही. म्हणून म्हापशातला एक इंग्रजी वर्ग तिने हेरूनही ठेवला होता.

तिसरी वाट सरांची : जाडजूड संच आणायचा आणि रोज वीस प्रश्न. “हात बसला की आपोआप येतं,” हे त्यांचं गणितातलं सूत्र.

चौथी माझी : नवे प्रश्न काही काळ बंद ठेवायचे, झालेल्या चुकाच उकलायच्या.

भाषेची शंका आधी

इंग्रजी वर्गाचे पैसे आणि शनिवार-रविवार दोन्ही जाणार होते, म्हणून तो निर्णय आधी घ्यायला हवा होता. त्यासाठी एक साधी गोष्ट केली. तिने चुकवलेल्या आणि बरोबर सोडवलेल्या प्रश्नांतून काही उचलले, साध्या मराठीत मांडले, क्रम बदलला आणि पंधरा-वीस दिवसांनी तिला सोडवायला दिले.

जवळपास तेच प्रश्न पुन्हा चुकले, आणि कारणंही तीच निघाली. फक्त दोन ठिकाणी फरक पडला. तिथे इंग्रजी वाक्यातला दुहेरी नकार तिला खरोखरच लागला नव्हता. बाकी ठिकाणी भाषेवर आळ घेण्यात अर्थ नव्हता. म्हापशाचा वर्ग रद्द झाला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा निर्णय, कारण आपल्याकडे तर्काच्या पेपरात मार खाल्ला की बोट आधी इंग्रजीकडे जातं आणि वर्ष निघून जातं.

चुकांची वही

मग वही. तिसऱ्या आणि चौथ्या वाटेचा तह झाला : सरांचे रोजचे प्रश्न वीसवरून पाचावर आले आणि प्रत्येक चुकीखाली तीन ओळी लिहायच्या ठरल्या. विधानातला दावा काय आणि त्याला दिलेलं कारण काय, हे स्वतःच्या मराठीत. आपण कोणता पर्याय निवडला. तो का पटला.

तिसरी ओळ महत्त्वाची. ती वाचत गेल्यावर चुका आपोआप वेगवेगळ्या गठ्ठ्यांत पडायला लागल्या. सर्वांत मोठा गठ्ठा ‘हे खरं आहे’ किंवा ‘हे खरं नाही’ असं लिहिलेल्यांचा. त्या खालोखाल, विधानातून निघणारी गोष्ट गृहीतक म्हणून उचलल्याचा. तिसरा, गरजेपेक्षा जास्त बोलणारं गृहीतक पत्करल्याचा. युक्तिवादाच्या प्रश्नांतल्या चुका वेगळ्याच होत्या. त्या पुढे येतील.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गठ्ठ्यासाठी खाजनाच्या (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या खाडीकाठच्या शेतजमिनीच्या) बांधांवरचा एक छोटा उतारा मीच तयार केला. गोव्याच्या खाडीकाठच्या माणसाला मानस (बांधातला पाण्याचा दरवाजा) आणि बांध समजावून सांगावे लागत नाहीत, म्हणून सगळं लक्ष तर्काकडे राहतं.

‘खाजन शेतीचे बांध पूर्वी गावच राखत असे. आता बांध फुटला की गाव सरकारी कामाची वाट पाहतं आणि तोवर खारं पाणी शेतात साचून राहतं. बांध टिकवायचे असतील तर डागडुजीचा पैसा आणि अधिकार थेट गावाच्या हाती द्यावा.’

खाली तीन विधानं : (१) बांध फुटल्यावर सध्या दुरुस्ती लगेच होत नाही. (२) पैसा आणि अधिकार मिळाले तर गाव डागडुजी करून घेऊ शकतं. (३) सरकारी खात्याला बांधांची दुरुस्ती जमणंच शक्य नाही.

तिने तिन्ही गृहीत धरली. पहिलं उताऱ्यातच सांगितलंय. जे उघड बोललं गेलं ते गृहीत कसं असेल? दुसरं कुठेच लिहिलेलं नाही, पण त्याच्याविना शिफारस कोसळते. तिसरं लेखकाच्या सुरात सूर मिसळतं, म्हणून गोड वाटतं, पण लेखकाला एवढं टोकाचं बोलायची गरजच नाही. खात्याला उशिरा का होईना दुरुस्ती जमते असं मानलं तरी ‘गावाकडे द्या’ हे म्हणणं उभं राहतं.

नकाराची चाचणी

इथे एक जुनं उदाहरण कामी आलं. मीमांसकांचा (मीमांसा दर्शनाच्या पंडितांचा) देवदत्त : तो धष्टपुष्ट आहे आणि दिवसा जेवत नाही. मग तो रात्री जेवत असला पाहिजे, नाहीतर दोन्ही गोष्टी एकत्र बसत नाहीत. याला ते अर्थापत्ती म्हणतात. सरांनी फळ्यावर देवदत्त लिहिला आणि विचारलं, “रात्री जेवतो, हे धरावं लागतं. रात्री पुरणपोळी जेवतो, हे धरावं लागतं का?” वर्गात हशा पिकला, पण तिसऱ्या गठ्ठ्यातल्या चुकांना त्या दिवसापासून आमच्यात ‘पुरणपोळी’ हेच नाव पडलं. (शुद्ध शास्त्राच्या दृष्टीने अर्थापत्ती आणि परीक्षेतलं गृहीतक एकच नव्हेत, एकात दोन माहीत गोष्टींचा मेळ घालायचा असतो, दुसऱ्यात एका माणसाच्या म्हणण्यातली मोकळी जागा भरायची असते. पण ‘त्याविना जमत नाही’ ही कसोटी दोन्हीकडे आहे.)

तिथून नकाराची चाचणी आली : पर्यायातलं विधान उलटं करा, ते मूळ विधानाशेजारी ठेवा, आणि बघा की बोलणाऱ्याचं म्हणणं कोसळतं का. कोसळलं तर गृहीतक. नुसतं थोडं लंगडलं तर नाही.

ही चाचणी तिला इतकी आवडली की आठवड्याभरात तिच्या उत्तरांचा नूर बदलला. ‘हे खरं आहे का’ हा प्रश्न आता आड येत नव्हता, कारण उलटं विधान खरं की खोटं याच्याशी चाचणीला कर्तव्यच नसतं.

चाचणीच अंगावर येते

दिवाळीच्या सुमारास (नरकासुराचे पुतळे जाळण्याच्या रात्री गोव्यात कोणी अभ्यास करू शकतो हे गृहीतक आम्ही आधीच सोडलं होतं) दोन नव्या चुका दिसायला लागल्या. दोन्हींच्या मुळाशी नकाराची चाचणीच होती.

पहिली, उलटं करण्यातली. ‘सर्व वाहनचालक शुल्क भरतील’ याचा नकार तिने लिहिला, ‘एकही वाहनचालक शुल्क भरणार नाही’. मग शुल्काची शिफारस कोसळते, म्हणून तिने ते गृहीत धरलं. पण ‘सर्व’चा नकार एवढाच होतो की निदान एक जण भरणार नाही. एकाने चुकवलं म्हणून योजना पडत नाही. तेव्हा गृहीतक नाही. ‘काही’चा नकार मात्र खरोखरच ‘एकही नाही’ असा होतो. आपल्या रोजच्या बोलण्यात ‘सगळे भरणार नाहीत’ या वाक्याचे दोन्ही अर्थ निघतात, त्यामुळे घाईत घोटाळा होतो. त्यावर नियम असा केला की नकार करताना वाक्याच्या आत हात घालायचा नाही. आख्ख्या वाक्यापुढे ‘असं नाही की’ जोडायचं. ‘असं नाही की सर्व वाहनचालक शुल्क भरतील.’ अर्थ आपोआप योग्य जागी बसतो. ‘सर्व’, ‘फक्त’, ‘एकमेव’, ‘नेहमी’ हे शब्द असलेले पर्याय बहुधा इथेच गळतात, कारण त्यांचा खरा नकार फार सौम्य असतो. ‘बहुधा’ म्हणतेय. विधानातच ‘फक्त’ असेल तर गृहीतकात ‘फक्त’ येऊ शकतं.

दुसरी चूक जास्त महागाची होती. ती चाचणी अनुमानाच्या प्रश्नांनाही लावू लागली. उताऱ्याखाली ‘यातून काय निष्पन्न होतं’ असं विचारलेलं असताना ती पर्याय उलटा करून उतारा कोसळतो का बघायची. अनुमानात दिशाच वेगळी : उतारा खरा धरायचा आणि पर्याय त्यातून निघतो का तपासायचं. गृहीतक उताऱ्याच्या मागे असतं, अनुमान पुढे. यूपीएससीच्या एकाच पानावर दोन्ही प्रकारचे प्रश्न शेजारी असू शकतात, आणि फरक प्रश्नाच्या एका शब्दात असतो.

इथे पुन्हा निर्णयाची वेळ आली. सरांचं म्हणणं, चाचणी काही दिवस बंद करू आणि प्रकार ओळखायलाच शिकवू. मला वाटत होतं की नुकता आलेला आत्मविश्वास मोडायला नको. शेवटी चाचणी तशीच ठेवली आणि तिच्याआधी एक पायरी घातली : प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचायची आणि समासात ‘मागे’ किंवा ‘पुढे’ लिहायचं, मगच उतारा. दोन-तीन आठवडे तिचा वेग पडला. सीसॅटमध्ये सरासरीने एका प्रश्नाला दीड मिनिट मिळतं, त्यामुळे तिला धाकधूक वाटली, पण समासातला शब्द नंतर मनातल्या मनात लिहिला जायला लागला.

खाणींचा प्रश्न

युक्तिवादाच्या प्रश्नांची कहाणी वेगळी. सराव संचात एक प्रश्न आला.

विधान : गोव्यात लोहखनिजाच्या खाणी पूर्ण क्षमतेने पुन्हा सुरू कराव्यात का?
युक्तिवाद १ : होय. खाणपट्ट्यातल्या असंख्य कुटुंबांची उपजीविका या व्यवसायावर आहे.
युक्तिवाद २ : नाही. खाणकामामुळे भूजल आणि शेतजमिनीचं दीर्घकाळ टिकणारं नुकसान होतं.
युक्तिवाद ३ : होय. खाणींशिवाय गोव्याला उत्पन्नाचा दुसरा मार्गच नाही.
युक्तिवाद ४ : नाही. इतर काही राज्यांनीही तसं केलेलं नाही.

तिने पहिला आणि तिसरा सबळ ठरवला, दुसरा आणि चौथा दुर्बळ. वहीतल्या तिसऱ्या ओळीत कारण असं होतं : ‘पाण्याचं नुकसान होतं हे सांगणारे कोणी आमच्या घरी दोन घास आणून दिले नाहीत.’

या ओळीवर तिच्याशी वाद घालण्यात काही हशील नव्हतं, आणि मला तो घालावासा वाटतही नव्हता. ती मतदार म्हणून बोलत होती आणि त्या भूमिकेत तिचं म्हणणं तिचं आहे. परीक्षेतली भूमिका निराळी. बँकेच्या जुन्या पेपरांत या प्रश्नांआधी सूचना छापलेली असते, तिचा आशय असा : सबळ युक्तिवाद महत्त्वाचा असतो आणि प्रश्नाशी थेट जोडलेला असतो, दुर्बळ युक्तिवाद किरकोळ असतो, किंवा प्रश्नाच्या एखाद्या क्षुल्लक अंगाशी जोडलेला असतो. आपल्याला पटतो तो सबळ, असं त्यात कुठेच नाही. ‘होय’चा एक आणि ‘नाही’चा एक असे दोन्ही सबळ असू शकतात. ही सूचना तिने तोवर एकदाही पूर्ण वाचली नव्हती. सगळेच ती ओलांडून पुढे जातात.

त्या मापाने पाहिलं तर पहिला सबळ, दुसराही सबळ. तिसरा वस्तुस्थितीलाच धरून नाही. पर्यटन असलेल्या राज्यात ‘दुसरा मार्गच नाही’ हे टोकाचं विधान आहे. चौथा नुसता दाखला : दुसऱ्याने केलं नाही म्हणून आपण का करू नये, याचं कारण त्यात नाही.

इथे चाणाक्ष वाचकाला एक विसंगती खटकेल, आणि तिलाही ती खटकली : “ताई, गृहीतकात खरं-खोटं बघायचं नाही म्हणता, मग तिसरा युक्तिवाद खोटा म्हणून का पाडता?” प्रश्न रास्त होता. गृहीतक दुसऱ्याचं असतं. त्याच्या डोक्यात काय आहे ते शोधायचं. युक्तिवाद तोलायचा असतो, आणि सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीशी उघड विसंगत बोलणं वजनाला कमीच भरणार. मात्र ज्याची शहानिशा परीक्षेच्या खोलीत बसून करता येत नाही, जसं की भूजलाचं नुकसान किती, ते खरं धरून पुढे जायचं.

यानंतर तिच्यासाठी मुद्दाम असे विषय निवडले ज्यांवर तिचं मत ठाम आहे : शाळेचं माध्यम, कॅसिनो, मोपा विमानतळ, म्हादई नदीच्या पाण्याचा वाद. प्रत्येकावर आपल्याला न पटणाऱ्या बाजूचा एक सबळ युक्तिवाद तिने स्वतः लिहायचा. म्हादईवर तिने चक्क नकार दिला. तो विषय सोडून दिला.

कोणती उत्तरतालिका मानायची

या प्रश्नांत आणखी एक अडचण आहे जी उमेदवाराच्या हातात नसते. तिच्या वहीतल्या काही ‘चुका’ तपासल्या तर चूक पुस्तकाची निघाली. यूपीएससी आपल्या प्रश्नपत्रिका संकेतस्थळावर देते, अधिकृत उत्तरतालिकाही देते, पण ती तालिका वर्षानुवर्षं अंतिम निकालानंतरच येत असे. तोवर प्रत्येक खासगी वर्गाची आपली तालिका, आणि उताऱ्याच्या प्रश्नांवर त्यांचं आपसांत जमत नाही. बँकांची परीक्षा घेणारी आयबीपीएस तर प्रश्नपत्रिका प्रसिद्धच करत नाही. बाजारात मिळतात ते उमेदवारांच्या आठवणीतून जुळवलेले पेपर. उत्तर अर्थातच छापणाऱ्याचं.

म्हणून सरावाचे प्रश्न दोन ढिगांत वेगळे केले. यूपीएससीचे जुने अधिकृत पेपर आणि अधिकृत तालिका, यांच्याशी मतभेद झाला तर आपली विचारपद्धत बदलायची. बाकी सगळं फक्त व्यायामासाठी. तिथे उत्तर जुळलं नाही आणि आपलं कारण ठोस असेल तर पुढे जायचं. हे झाल्यावर तिची चिडचिड बरीच कमी झाली. चुकीच्या तालिकेशी जुळवून घेताना ती बरोबर असलेली पद्धतही मोडत होती.

परीक्षेतलं धोरण

गणित सरांनी मांडून दाखवलं. सीसॅटमध्ये चार पर्यायांतून डोळे मिटून निवडलं तर चारांत एकदा अडीच गुण आणि तीनदा सुमारे ०.८३ वजा, म्हणजे सरासरी शून्य. पाच पर्याय आणि एक चतुर्थांश कपात असलेल्या बँकेच्या प्रश्नातही सरासरी शून्यच. दोन पर्याय खात्रीने उडवता आले तर सीसॅटमध्ये प्रत्येक प्रश्नामागे सरासरी ०.८३ पदरात पडतात. मग तिचा नियम ठरला : दोन पर्याय उडाले तर उत्तर द्यायचं, एकच उडाला आणि दीड मिनिट संपलं तर पुढे. आपल्या मताचा विषय असेल तर प्रश्न दुसऱ्या फेरीसाठी ठेवायचा.

निकाल

पूर्व परीक्षा तिने पणजी केंद्रावर दिली. मुख्य परीक्षेसाठी निवड झाली नाही. नक्की कुठे कमी पडलं हे लगेच कळत नाही, कारण पूर्व परीक्षेचे गुण अंतिम निकालानंतर मिळतात. ते आले तेव्हा दिसलं की सीसॅटची रेषा तिने आरामात ओलांडली होती. कमी पडला होता सामान्य अध्ययनाचा पहिला पेपर. तर्कावर रविवार घालवताना तिकडे दुर्लक्ष झालं का? थोडं झालं असावं. नोकरीच्या पाळ्या सांभाळून एका माणसाला मिळणारे तास मोजकेच असतात.

बँकेच्या परीक्षेत ती मुख्य टप्प्यापर्यंत गेली आणि यादीत आली नाही. गटातल्या सराव चाचण्यांत गृहीतकांची उत्तरं बहुतेक बरोबर यायला लागली होती. युक्तिवादात सुधारणा झाली, पण विषय गोव्याचा असला की अजूनही घसरते. सध्या गोवा लोकसेवा आयोगाच्या पदांसाठी तयारी चालू आहे.

वेगळं काय करता आलं असतं

‘मागे की पुढे’ ही ओळख नकाराच्या चाचणीआधी शिकवायला हवी, याबद्दल सर आणि मी आता एकमताचे आहोत. हातात एक धारदार चाचणी आधी पडली की माणूस ती सगळीकडे चालवतो. नव्या गटाला पहिले दोन रविवार फक्त प्रश्नांच्या शेवटच्या ओळी वाचायला दिल्या जातात. उत्तरं द्यायची नसतात. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं.

सामान्य अध्ययनाचं वेळापत्रक तर्काच्या दुरुस्तीपासून वेगळं राखायला हवं होतं. पात्रतेपुरत्या पेपरात सुधारणेची हद्द आधी ठरवून, ती गाठली की थांबणं योग्य ठरलं असतं. तिला मात्र तोवर या कोड्यांची चटक लागली होती.

बँक आणि यूपीएससी यांच्या संकेतांतला फरकही उशिरा लक्षात आला. बँकेच्या प्रश्नांत सूचना, जाहिरात, आवाहन असे प्रकार फार येतात. तिथे नुसता तर्काचा सांधा न पाहता बोलणाऱ्याचा उद्देश धरावा लागतो : आवाहन केलंय म्हणजे निदान काही लोक ते ऐकतील असं आवाहन करणाऱ्याने धरलंय. यावरून आमच्यात एक वाद झाला, तो मिटलेला नाही.

विधान : पावसाळ्यात सत्तरी तालुक्यातल्या धबधब्यांवर पोहायला उतरू नये, असं आवाहन प्रशासनाने केलं.
गृहीतक : काही लोक तरी हे आवाहन पाळतील.

माझं उत्तर, गृहीत आहे. कोणीच पाळणार नसेल तर आवाहनाला अर्थ काय? तिचं उत्तर, गृहीत नाही. “कोणी पाळणार नाही हे त्यांनाही माहीत असतं, ताई. उद्या कोणी बुडालं तर ‘आम्ही सांगितलं होतं’ म्हणता यावं म्हणून काढतात.” नकाराची चाचणी लावली तर तिचं म्हणणं टिकतं : उद्देश अंग काढून घेण्याचाच असेल तर एकाही माणसाने न ऐकता तो सफळ होतो. मी म्हणते, परीक्षेत बोलणाऱ्याचा जाहीर उद्देशच धरायचा, आतला नाही. बँकेच्या पेपरात ती आता ‘गृहीत आहे’ यावरच खूण करते, आणि बाहेर आल्यावर माझ्याशी भांडते.